रिंगणाचा मास्तर

आगाता : आणि ही किती?

बास्तियानो : काय किती?

आगाता : बोटं. किती बोटं धरलीयेत मी?

बास्तियानो : मी काय बालवाडीत आहे? जा, तुझे पाव जळतील.

आगाता : पाव अजून भट्टीत गेलेच नाहीत. किती बोटं, बाबा?

बास्तियानो : तीन.

आगाता : एकही नाही. हात पाठीमागे आहे माझा.

बास्तियानो : मग विचारतेस कशाला? आगाऊ कुठली. चाळिशी आली तरी बापाची परीक्षा घेतेय.

आगाता : सकाळी मिरवणुकीसाठी तुमचा काळा कोट झटकायला काढला. आतल्या खिशात कागद होता. रेज्जो शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरचा. दोन वर्षांपूर्वीचा.

बास्तियानो : बापाचे खिसे तपासायचे, हे तुला तुझ्या आईने शिकवलं. ती पण अशीच.

आगाता : आईला मधे आणू नका. डॉक्टरने काय सांगितलं ते सांगा. मला अर्धंच वाचता आलं. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढलेत.

बास्तियानो : काय सांगणार? मधला भाग गेला म्हणाला. दोन्ही डोळ्यांचा. कडेचं राहील, मधलं परत येणार नाही. एक डबी औषध लिहून दिलं आणि म्हणाला, आजोबा, गाडी चालवू नका. मी म्हटलं, माझ्याकडे गाढवसुद्धा नाही.

आगाता : मधला भाग गेला म्हणजे काय होतं?

बास्तियानो : म्हणजे आत्ता तू समोर बसलीयेस ना, तर मला तुझ्या बाजूची खिडकी दिसते. खिडकीतली मिरच्यांची माळ दिसते. पलीकडे चुलीवरचं पातेलं दिसतं. तू बसलीयेस तिथे नुसता धूर आहे. ज्याच्याकडे सरळ बघावं, तोच नेमका नसतो.

आगाता : म्हणून मान तिरकी करून बघता होय. सगळं गाव म्हणतं, बास्तियानोला म्हातारपणी माज चढलाय, सरळ तोंडाने बोलत नाही.

बास्तियानो : म्हणू दे. माज चढलेला नाचाचा मास्तर लोकांना चालतो.

आगाता : दोन वर्षं. दोन वर्षं एका घरात राहून मला पत्ता लागू दिला नाहीत. मी इथे रोज तुमच्यासमोर जेवतेय आणि तुम्ही धुराशी गप्पा मारताय.

बास्तियानो : आवाज तर तुझाच होता. आणि आवाज काय कमी आहे तुझा?

आगाता : थांबा. थांबा जरा. म्हणजे गेल्या वर्षी, सावेरियो...

बास्तियानो : त्याचं नाव काढू नकोस.

आगाता : तो तुमच्या समोर उभा होता, म्हणून.

बास्तियानो : म्हटलं ना, नको.

आगाता : नुच्चोकाकांचा एकुलता एक मुलगा. नऊ वर्षांनी तोरिनोहून घरी आला. सणाच्या दिवशी रिंगणात अगदी पुढे येऊन उभा राहिला. कशासाठी? बाप गळ्यातली पेटी वाजवतोय, त्या पेटीवर आपल्या गावात एकदा नाचावं म्हणून. तुम्ही तीनदा त्याच्यापुढे आलात, बाबा. एकदा डावीकडच्या सुताराचा हात धरून आत नेलंत. एकदा उजवीकडच्या सुईणीला. तिसऱ्यांदा तर सावेरियोने स्वतःच हात पुढे केला होता. तुम्ही वळून निघून गेलात.

बास्तियानो : हात पुढे केला होता?

आगाता : केला होता. मी खंजिरी घेऊन तुमच्या मागेच होते. ताल चुकला माझा.

बास्तियानो : हे मला कुणी सांगितलं नाही. हाताचं.

आगाता : कोण सांगणार? मास्तरने ज्याला आत घेतलं तो नाचणार, ज्याला घेतलं नाही तो उभा राहणार, आणि का म्हणून विचारायचं नाही. हे तुम्हीच तर गावाच्या डोक्यात भरवलंत. सावेरियो शेवटपर्यंत तसाच उभा राहिला. सकाळच्या पहिल्या बसने गेला. आणि नुच्चोकाकांनी त्या दिवसापासून पेटीला हात लावलेला नाही.

बास्तियानो : मला तो आलाय हेच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू माझ्यावर ओरडलीस, तेव्हा कळलं.

आगाता : मग तेव्हाच म्हणायचं ना, की मला दिसलं नाही. तीन शब्द. नुच्चोकाकांचं घर इथून तीस पावलांवर आहे.

बास्तियानो : आणि पुढे?

आगाता : पुढे काय? संपलं असतं सगळं.

बास्तियानो : माझं संपलं असतं. तुला माहितीये ते काय करतील? रिंगणातून मला दोन्ही दंडांना धरून बाजूला नेतील. हळू, आजोबा, पायरी आहे, म्हणतील. लिंबूपाण्याचा पेला तोंडाशी धरतील. आणि माझी पाठ फिरली की म्हणतील, बिचारा. पन्नास वर्षं या गावातला एकेक माणूस मी बोटाच्या इशाऱ्यावर आत घेतला, बाहेर काढला. मला दुष्ट म्हटलेलं चालतं, आगाता. कठोर म्हण, घमेंडखोर म्हण. बिचारा नाही चालत मला.

आगाता : आणि तुम्ही बिचारे होऊ नये म्हणून सावेरियोने वर्षभर मान खाली घालायची?

बास्तियानो : तो तिकडे लांब आहे. विसरला असेल.

आगाता : हे तुम्हाला तरी पटतंय का?

बास्तियानो : ऐक. आज संध्याकाळचं मी ठरवलंय. तू खंजिरी घेऊन माझ्या खांद्याला लागून उभी राहा. समोर कोण आहे ते वाजवता वाजवता कानात सांग. कुणाच्या बापाला कळणार नाही.

आगाता : आणि पेटी कोण वाजवणार? तुम्ही?

बास्तियानो : नुच्चो वाजवेल. सण आहे. सणाला त्याची बोटं शिवशिवणार नाहीत तर कधी?

आगाता : कमिटीने खालच्या गावातून लाउडस्पीकरवाला बोलावलाय. रेकॉर्ड लावणार आहेत. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण तुम्ही कमिटीला शिव्या घालाल.

बास्तियानो : रेकॉर्डवर? रेकॉर्डला कळतं का म्हातारी दमलीये, जरा हळू घ्यावं? रेकॉर्डवर माणसं नाचत नाहीत, हलतात नुसती.

आगाता : अजून एक ऐका. नुच्चोकाका आणि रोझीनाकाकू सोमवारी तोरिनोला चाललेत. कायमचे. सावेरियोने खोली घेतलीये त्यांच्यासाठी. सामान बांधून झालंय.

बास्तियानो : खोटं बोलू नकोस.

आगाता : कोंबड्यासुद्धा देऊन टाकल्या. दोन आपल्याकडे आल्यात, अंगणात जाऊन बघा. कडेने बघा.

बास्तियानो : नुच्चो तोरिनोत काय करणार? त्याला रस्ता ओलांडता येत नाही.

आगाता : इथे राहून तरी काय करणार? जिथे मुलाला उभं केलं आणि आत घेतलं नाही, तिथे पेटी वाजवू का, असं म्हणतात. मी त्यांना निरोप धाडलाय. येतीलच. पेटी तुमच्या वडिलांनी दिलेली, म्हणून ती परत करायला येतायत. तुम्ही त्यांना खरं सांगा.

बास्तियानो : नाही.

आगाता : मग मी सांगते.

बास्तियानो : तू सांगितलंस तर तुला तुझ्या आईची शपथ आहे.

आगाता : झालं, घातली शपथ. बरं, मी नाही सांगत. पण मग कानात सांगायलाही येणार नाही. खंजिरी खुंटीवर राहील. आता माझे पाव बघते. आज सणाचा दिवस, आणि या घरात सुतक असल्यासारखं वाटतंय.

(आगाता मागच्या अंगणात भट्टीकडे जाते. रस्त्यावर बँडवाले मिरवणुकीची तालीम करतायत, त्या गोंगाटात नुच्चो दारातून आत येतो. पाऊल वाजत नाही. तो टेबलापलीकडच्या खुर्चीत बसतो, पाहुण्यासारखा, टोपी मांडीवर ठेवून. त्याच्या पाठोपाठ त्याचा मुलगा सावेरियो पेटी छातीशी धरून येतो आणि बापाच्या खुर्चीमागे भिंतीला टेकून उभा राहतो. बास्तियानोकडे बघतो. बास्तियानो खुर्चीच्या दिशेला सरळ बघत असतो. सावेरियोला कुणी बस म्हणत नाही, म्हणून तो उभाच राहतो.)

नुच्चो : सान रोक्को, संता, आज तुझाच सण. तू भिंतीवर फोटोत आहेस, मी तुझ्याशी बोलतोय. या घरात दुसऱ्या कुणाशी मी वर्षभर बोललेलो नाही आणि आजही बोलायचा विचार नाही. त्या माणसाला सांग, त्याच्या बापाची पेटी आणलीये.

बास्तियानो : सान रोक्को, त्याला विचार, वाजवायला आणली का?

नुच्चो : परत द्यायला आणली म्हणावं. भात्याला मागच्या वर्षी नवीन चामडं लावलंय. एक पट्टी खरखरते, पण ती त्याच्या बापाच्या वेळेपासून खरखरते.

बास्तियानो : त्याला म्हणावं, बापाने पेटी मला दिली नव्हती, त्याला दिली होती. माझी बोटं जाड होती म्हणून.

नुच्चो : बोटं नाही म्हणावं. डोकं.

बास्तियानो : सान रोक्को, तुझ्या पायाशी ते कुत्रं आहे ना, त्याला सोड जरा याच्यावर.

नुच्चो : कुत्रंसुद्धा याचं ऐकणार नाही. कुत्र्याला माणसं ओळखता येतात.

बास्तियानो : सोमवारी चाललास म्हणे.

नुच्चो : सान रोक्को, त्याला सांग, होय.

बास्तियानो : पुरे झालं रे ते सान रोक्को. त्याला आज बाकीची पण कामं आहेत. माझ्याशी बोल.

नुच्चो : बोलतो. एकच विचारतो आणि जातो. माझ्या पोराने तुझं काय वाकडं केलं होतं?

बास्तियानो : काही नाही.

नुच्चो : मग?

बास्तियानो : मास्तरला कारण विचारत नाहीत.

नुच्चो : चाळीस वर्षं नाही विचारलं. चाळीस वर्षं मी तुझ्या डाव्या हाताला स्टुलावर बसलो. तू 'पहिला बाहेर' म्हणायच्या आधी मला कळायचं, मी बोटं तयार ठेवायचो. तू भावाभावांची भांडणं त्या रिंगणात मिटवलीस. दोघांना समोरासमोर आणून नाचवलंस आणि घरी जाताना ते एका बाटलीतून प्याले. मी बघितलंय. मला वाटायचं, याच्यासारखी नजर कुणाला नाही.

बास्तियानो : नुच्चो...

नुच्चो : बोलू दे. त्या दिवशी रोझीनाने त्याचा शर्ट दोनदा इस्त्री केला होता. एकदा दुपारी केला, मग म्हणाली कॉलर नीट बसली नाही. मी मान खाली घालून वाजवत होतो. म्हटलं, आता घेईल. या फेऱ्यात नाही घेतलं, चालेल, चांगल्या वेळी घ्यायचं असेल, बास्तियानोचं काहीतरी मनात असतं. पुढच्या फेऱ्यात घेईल. मग मी वर बघितलं तर पोराचा हात पुढे, आणि तुझी पाठ. मी वाजवायचं थांबलो नाही. का ठाऊक आहे? पेटी थांबली असती तर लोकांना माझं रडणं ऐकू आलं असतं.

बास्तियानो : त्याला मी... हे बघ, तो इथे असता ना, तर मी त्याला तोंडावर सांगितलं असतं.

नुच्चो : काय म्हणालास?

बास्तियानो : तो तिकडे तोरिनोत बसलाय. या काय फोनवर सांगायच्या गोष्टी आहेत? त्याला माझ्यासमोर उभा कर, मग सांगतो.

नुच्चो : बास्तियानो, तू माणूस आहेस का कोण आहेस?

बास्तियानो : आता काय झालं?

नुच्चो : सगळ्या गावासमोर केलंस त्याने पोट भरलं नाही, आता माझ्या तोंडावर पुन्हा तेच. सावेरियो, ठेव ती पेटी खाली. चल. इथे एक मिनिट थांबायचं नाही.

बास्तियानो : सावेरियो?

नुच्चो : नाटकं बघ. दोन हातांवर पोरगा उभा आहे आणि हा विचारतोय, सावेरियो?

सावेरियो : बाबा, थांबा.

नुच्चो : थांबायचं काय आहे? चल.

सावेरियो : थांबा म्हणतो ना. काका, मी कुठे उभा आहे?

बास्तियानो : कुठे म्हणजे?

सावेरियो : मी कुठे उभा आहे ते सांगा. साधी गोष्ट आहे.

बास्तियानो : नुच्चोच्या मागे. आवाज तिकडून आला.

सावेरियो : आवाजाचं नाही विचारत.

नुच्चो : सावेरियो, जाऊ दे. दारातून ऊन येतंय सरळ. त्याच्या डोळ्यांवर आलं असेल. दार लोटून घे जरा.

बास्तियानो : राहू दे. दार लोटू नकोस.

नुच्चो : अरे, डोळ्यांवर येत असेल तर...

बास्तियानो : उन्हाचं काही नाही, नुच्चो. मला दिसत नाही.

नुच्चो : काय दिसत नाही?

बास्तियानो : समोरचा माणूस. दोन वर्षं झाली. कडेचं दिसतं, मधलं नाही. तू उभा आहेस तिथे मला तुझी टोपी दिसते, हातातली. तोंड नाही दिसत. हा पोरगा मागे उभा आहे, तो मला आत्ताही दिसत नाही. आणि त्या दिवशी... त्या दिवशी मी तीनदा त्याच्यासमोर आलो म्हणतात. मला त्या जागी कुणीच दिसलं नाही.

आगाता : बाबा, पहिला घाणा निघाला. नुच्चोकाका, बसा, गरम पाव... सावेरियो? तू कधी आलास?

सावेरियो : सकाळच्या बसने.

आगाता : आणि हे सगळे असे का उभे आहेत? काय झालं? मी काही बोलले नाही हं. मी शपथ पाळली.

बास्तियानो : मीच बोललो. ठेव ते पाव.

नुच्चो : तुलाही माहीत होतं?

आगाता : मला आज सकाळी कळलं, काका. कोटाच्या खिशातून.

नुच्चो : वर्ष झालं, बास्तियानो. एक अख्खं वर्ष. रोझीना पाव घ्यायला इथे यायची बंद झाली, दोन मैल चालत दुसरीकडे जाते. मी रोज तुझ्या खिडकीखालून जाताना थुंकायचो.

बास्तियानो : ते ऐकू यायचं.

नुच्चो : गाढवा. माझ्याकडे येऊन एक शब्द बोलायला काय धाड भरली होती? मी काय गावभर दवंडी पिटली असती?

बास्तियानो : तू बिचारा म्हणाला असतास.

नुच्चो : मी? तुला? तुझ्या बापाने पेटी मला दिली, तेव्हा तू माझ्या पायावर मुद्दाम ओंडका टाकला होतास, सात आठवडे लंगडत होतो मी. तुला मी बिचारा म्हणेन?

बास्तियानो : ओंडका निसटला होता.

नुच्चो : टाकला होतास. आणि ऐक. तुझे डोळे गेले याचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण तू गप्प बसलास, ते मी माफ करणार नाही. निदान आज तरी नाही.

बास्तियानो : नको करूस. मीही केलं नसतं. सावेरियो, इकडे ये. असा बाजूला ये, खिडकीकडे. अजून थोडा. हां. आता तुझा कान दिसतोय.

सावेरियो : कान?

बास्तियानो : आणि थोडी दाढी. ऐक, तुझ्यात काही खोट नव्हती. तू आलायस हे मला कळलं असतं, तर सगळ्यांत आधी तुला घेतलं असतं. नंतर कळलं, तेव्हा मी घाबरलो. लाजलो म्हण. वर्षभर तुझ्यावर घातलं ते ओझं माझं होतं. चूक झाली माझी.

सावेरियो : तुम्हाला सांगू का, काका? मी वर्षभर हिशेब लावत बसलो होतो की आपलं नेमकं काय चुकलं. आई आजारी होती तेव्हा आलो नाही, ते असेल. बापाला एकटं टाकून गेलो, ते असेल. कारखान्यात रात्रपाळीला उभा असायचो आणि एकेक आठवायचो. मास्तर उगाच असं करणार नाही, म्हणायचो. शेवटी तर तुमच्या झाडावरचे अंजीरसुद्धा आठवले.

बास्तियानो : कुठले अंजीर?

सावेरियो : विहिरीजवळचे. मी नऊ-दहा वर्षांचा होतो. दोन उन्हाळे मीच नेत होतो.

बास्तियानो : तो तू होतास? मी पाद्रीबाबांच्या भाच्याला धरून बडवला होता.

आगाता : अगं बाई. म्हणून तो आजही आपल्या घरावरून जाताना पलीकडच्या बाजूने जातो.

नुच्चो : हसतोयस काय, सावेरियो? डोळे पूस आधी. आगाता, याला पाणी दे.

आगाता : पाणी काय, वाईन देते. बाबा, आता संध्याकाळचं काय?

बास्तियानो : संध्याकाळचं मी ठरवलंय. मिरवणूक संपली की चौकात मीच सांगणार. रिंगण भरायच्या आधी. सावेरियोचं नाव घेऊन सांगणार, गेल्या वर्षी काय झालं आणि का झालं. ज्याला बिचारा म्हणायचं त्याने म्हणावं.

नुच्चो : म्हणणाऱ्याचं नाव मला सांग फक्त.

बास्तियानो : आणि मग मास्तरकी सोडायची.

नुच्चो : सोडायची कशाला? आगाता तुझ्यामागे उभी राहील, कानात सांगेल. मी पेटी जरा मोठ्याने वाजवतो, कुणाला ऐकू जाणार नाही.

बास्तियानो : ही अक्कल मलाही सकाळी सुचली होती. नाही, नुच्चो. मास्तर स्वतः बघतो, म्हणून मास्तर. कोण कोणाशी बोलत नाही, कुठली पोर नवऱ्याशी भांडून आलीये, कोण नुसतं बघायला आलंय आणि कोणाला खरं तर नाचायचंय पण लाज वाटते, हे बघायचं असतं. कानात सांगून भागत नाही. आणि पुन्हा कुणी हात पुढे करायचा आणि मी... नको.

नुच्चो : मग मास्तर कोण? कमिटीचा तो चेअरमन? त्याला चाल कुठली चालू आहे तेही कळत नाही.

बास्तियानो : ही आहे की.

आगाता : कोण ही?

बास्तियानो : मला दिसत नसलं तरी घरात ही एकच आहे.

नुच्चो : बाई मास्तर? आपल्या गावात असं कधी झालंय का?

बास्तियानो : आपल्या गावात आंधळा मास्तर दोन वर्षं झाला. कुणी मेलं का?

आगाता : मला कुणी विचारणार आहे की नाही? मी पाव भाजते, खंजिरी वाजवते. मी चौकात उभी राहून पुरुषांना बाहेर काढायला लागले, तर ते निघतील का?

बास्तियानो : कामाचं विचारतो. येतं का तुला?

आगाता : येण्याचं काय? सहा वर्षांची होते तेव्हापासून तुमच्या पायाशी उभी आहे. गावातली सगळी भांडणं पाठ आहेत मला. सुताराला आणि त्याच्या मेव्हण्याला लागोपाठ घ्यायचं नाही. थोरल्या सुईणीला पहिल्या तीनांत घ्यायचं, नाहीतर ती रुसते. फ्रान्सहून सुट्टीला आलेल्यांना अधूनमधून घ्यायचं, एकदम नाही, नाहीतर गावचे चिडतात.

बास्तियानो : ऐकलंस, नुच्चो? फ्रान्सवाल्यांचं मलाही सुचलं नव्हतं.

नुच्चो : माणसं कुरकुर करतील. म्हातारे जास्त. मी म्हाताराच आहे, मला ठाऊक आहे. पण पेटी माझ्याकडे आहे. ही मास्तर असेल तर पेटी वाजेल. नसेल तर नाचा म्हणावं लाउडस्पीकरवर.

आगाता : पेटी तुम्ही परत केलीत ना, काका?

नुच्चो : जमिनीवर ठेवलीये. परत केलेली नाही. दे रे इकडे ती, सावेरियो. धूळ लागेल.

सावेरियो : बाबा, सोमवारचं काय मग?

नुच्चो : सोमवारला अजून तीन दिवस आहेत. गाडीची तिकिटं बदलून मिळतात ना? तूच म्हणालास. का कोंबड्या दिल्या म्हणून मला घालवतोस?

आगाता : कोंबड्या परत नेऊ शकता. एक अंडंसुद्धा घातलं नाही त्यांनी.

सावेरियो : माझी सुट्टी पंधरा दिवस आहे. बघू. आईला विचारू आधी.

बास्तियानो : टेबल सरकवा.

आगाता : कशाला?

बास्तियानो : तालीम नको? तीन तासांनी चौकात उभी राहणार तू, आणि कधी कुणाला हात धरून आत आणलं नाहीस. सावेरियो, तिकडचं टोक धर. पाव पडतील, सांभाळ. नुच्चो, सुरू कर. फार जोरात नको, तुझी बोटं गंजली असतील.

नुच्चो : गंजली असतील तर तुझ्या कानात तेल घाल. हे ऐक.

बास्तियानो : हं... हं. ती पट्टी अजून खरखरते.

नुच्चो : सांगितलं ना, तुझ्या बापाच्या वेळेपासून.

बास्तियानो : चल, मास्तरीणबाई. आधी काय करायचं?

आगाता : पहिला आत घ्यायचा. मग त्याच्यासमोर दुसरा आणायचा. मग पहिल्याला काढायचं, दुसऱ्याला ठेवायचं, आणि दुसऱ्यासाठी नवीन माणूस हात धरून आणायचा. या बाबा. तुम्ही पहिले. आता सावेरियो, तू. दे हात.

सावेरियो : मी नऊ वर्षांत नाचलेलो नाही, आगाता. दहा म्हण आता.

आगाता : विचारलं नाही मी. दे हात. हं. उभा राहा इथे.

बास्तियानो : खांदे सोड रे. लिफ्टमध्ये उभा असल्यासारखा उभा राहू नकोस. पाय जमिनीजवळ ठेव, उड्या मारायच्या नाहीत. उड्या खालच्या गावात मारतात, पाहुण्यांसाठी. हां. आता माझ्याभोवती फिर. बघू नकोस माझ्याकडे, फिर.

सावेरियो : असं?

बास्तियानो : असंच. नुच्चो, हा तुझ्या बापासारखा पाय टाकतो.

नुच्चो : कळतंय मला. इथून दिसतंय.

बास्तियानो : तू रडत असशील तर पेटी थांबवू नकोस.

नुच्चो : थांबवत नाही. नाच तू.

बास्तियानो : वळ, सावेरियो. उलटा फिर. वा, हे तुला कुणी शिकवलं?

सावेरियो : तुम्हीच. लहानपणी चौकात बघून.

आगाता : पहिला बाहेर.

बास्तियानो : आत्ताच? अगं, आत्ता कुठे रंग भरत होता.

आगाता : पहिले तुम्ही आहात, बाबा. तुम्ही बाहेर. सावेरियो आत राहील.

बास्तियानो : अजून दोन फेरे दे की. बाप आहे मी तुझा.

आगाता : नाही.

बास्तियानो : बरं, निघालो. हात दे जरा. खुर्ची कुठे सरकवलीस ते दिसत नाही मला.